तिसऱ्या वळणावरचा लेलँड

जनरेटर बंद केलात ना? बसा मग. व्हर्लिनने शर्यती का सोडल्या, हे विचारत होतात तुम्ही. त्याने मला सांगितलं तसं सांगतो.

गेल्या वर्षीची सोळा ऑगस्ट, शनिवार. दुपारी व्हर्लिन एक जुना गिअरबॉक्स मागायला ओपलकडे गेला. ओपल म्हणजे लेलँडची बायको. शर्यतीची गाडी व्हर्लिनची, चालवायचाही तोच. हाताखाली आम्ही दोघं, लेलँड आणि मी. अठरा वर्षं लेलँडने ते इंजिन राखलं. पगार नाही. शर्यत संपली की एक सँडविच आणि बिअर.

शर्यत चालू असताना तो तिसऱ्या वळणाच्या आत उभा राहायचा, दोन्ही तळवे समोर धरून. तळव्यांमध्ये जितकं अंतर, तितकी मागची गाडी लांब. चालवणाऱ्याच्या मानेला पट्टा असतो, मागे बघता येत नाही. मागचं जे काही कळायचं, ते लेलँडच्या हातांवरून.

मग ते हात थरथरायला लागले. व्हर्लिन सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या हातांवरून मागे एक गाडी आहे की सहा, तेच कळत नाही. घरी बस आता."

लोक हसले. मी... मी चाकाचे नट आवळत राहिलो.

फेब्रुवारीत लेलँड गेला. त्याला पोचवायला आम्ही दोघंही गेलो नाही.

ओपलने गिअरबॉक्स काढून दिला. म्हणाली, "घेऊन जा. शेवटपर्यंत म्हणत होता, व्हर्लिन बोलवायला येईल."

"कामं होती गं, ओपल."

"असणारच. ट्रॅकवर गुडघाभर बर्फ असतो तेव्हा फार कामं असतात तुम्हाला."

रात्री दहा वीसला मोठी शर्यत सुटली. पंचवीस फेऱ्या. ट्रॅकची माती ओली होती, चाकांना चांगली धरत होती. बाराव्या फेरीला व्हर्लिन पुढे निघाला. अठराव्या फेरीला त्याला तिसऱ्या वळणावर माणूस दिसला. तळवे समोर धरलेले, हातभर अंतर.

त्याला वाटलं, मी आहे. मी ट्रेलरच्या टपावर होतो. तिथून सगळा ट्रॅक दिसतो. वळणावर कोणी नव्हतं. व्हर्लिनच्या मागेही कोणी नव्हतं. अर्धा ट्रॅक रिकामा.

पुढची फेरी. अंतर कमी झालेलं.

व्हर्लिनने पाय दाबला.

पुढची. वीतभर.

हात थरथरत होते.

तेव्हा त्याने ओळखलं...

पाय उचलायची छाती झाली नाही. मागून काय येतंय, ते बघता येत नव्हतं. फक्त ते हात. जवळ येणारे.

तेविसावी फेरी. तळवे एकमेकांना टेकलेले.

चोविसावी. वळणावर कोणी नाही.

आणि गाडी जड झाली. उजवीकडून.

तो जिंकला. लोक ओरडत होते. तो मात्र उजवीकडे बघत नव्हता.

जिंकलेल्या गाडीचं वजन करतात, ते तुम्हाला माहीतच आहे. काट्यावरचा माणूस म्हणाला, "काय रे व्हर्लिन, अर्धं शेत बरोबर आणलंस का?" आम्ही चिखल खरवडून काढला. तरी शर्यतीआधीच्या वजनापेक्षा एकशे अठरा पौंड जास्त. पेट्रोल जळतं, वजन घटायला हवं. तिसऱ्यांदा केलं. तेच.

"उतर बघू खाली," काट्यावरचा म्हणाला.

व्हर्लिन उतरला. त्याच्या वजनाइतकं कमी भरलं. वरचे एकशे अठरा... तसेच.

जास्त वजनाला नियमात बंदी नाही. चषक दिला त्याला.

परत येताना ट्रकमध्ये त्याने मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "काही बोलला का तो?"



"नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

त्यानंतर तो गाडीत बसलेला नाही. गाडी त्याच्या शेडमध्ये आहे. उजवीकडे बसायला जागाच नाही तिच्यात, नुसता पत्रा. पण त्या बाजूच्या स्प्रिंगा दबल्यात. दोनदा बदलल्या मी. परवा तिसऱ्यांदा नव्या घातल्या, गाडी सरळ उभी केली, कुलूप लावलं.

काल सकाळी उघडलं... उजवी बाजू खाली गेली होती.