पिवळ्या पानांची भेट

"ओ भिया! काय करताय? ठेवा ते खाली!"

धम्मदीना चिखलातून धावत आली, तेव्हा त्या अनोळखी तरुणाच्या हातात सोयाबीनची अकरा झाडं होती. पिवळी पडलेली, मुळासकट उपटलेली. तरुणाचं नाव मानस; संशोधन केंद्राच्या माती विभागात तो आदल्याच दिवशी रुजू झाला होता. मातीचे नमुने घ्यायला शेतात उतरला, रोगट झाडं दिसली, तर म्हटलं, तेवढीच मदत.

"मोझॅक रोग होता, मॅडम. पसरला असता..."

"पसरावा म्हणूनच तर लावली होती!" तिचा आवाज चिरकला. "रोग शेजारच्या ओळींत गेला, तरच कळणार ना कोणतं वाण टिकतं ते! सगळा सत्यानाश केला तुम्ही."

मानसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तीन दिवसांनी, भुरभुर पावसात, त्याची लूना बांधावर येऊन थांबली. मागे दोन घमेली बांधलेली, आणि त्यांत मातीसकट उचललेली पिवळी झाडं. जवळच्या राऊ गावाकडची शेतं तो दोन दिवस पालथी घालत होता. शेतकऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. एकाने तर कीव येऊन चहाही पाजला होता.

धम्मदीनाने एकेक पान उलटून पाहिलं. रोग अस्सल होता.

"लोक फुलं आणतात," ती म्हणाली, "तुम्ही रोग आणलात."

"फुलं... उद्या आणू का?"

ती हसली, आणि हसू लपवायला लगेच खाली वाकून झाडं लावू लागली.

त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, सोयाबीनला फुलं चांगली आली. सकाळी लवकर धम्मदीना शेतात बसायची. चिमट्याने कळी अलगद उघडायची आणि दुसऱ्या वाणाचा पराग तिच्यावर टेकवायची. अशा संकरातून नवं वाण हाती यायला दहा वर्षं लागतात. मानस चिठ्ठ्या लिहून देठाला बांधायचा. माती विभागाचं त्यात काहीएक काम नव्हतं. पण कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

"बाबा अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठतात," एकदा ती कळीवरची नजर न काढता म्हणाली. तिचे वडील, कचरूजी, कापडाच्या मिलमध्ये मागावर होते. मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. "अंघोळ करतात, शर्ट घालतात... मग दारात बसून राहतात."

मानस 'होईल सगळं ठीक' म्हणाला नाही. त्याची पेन्सिल फक्त थांबली. धम्मदीनाला ते फार बरं वाटलं. वर्षभर जो भेटेल तो तिला धीरच देत होता.

ऑक्टोबरात पीक निघालं आणि तिला पत्र आलं. बियाण्यांच्या नव्या-नव्या खासगी कंपन्या तेव्हा माणसं शोधत होत्या; जालन्याच्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. त्या संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या जुन्या दगडी छत्र्यांपाशी, नदीकाठच्या पायऱ्यांवर, तिने ते पत्र मानसच्या हातात दिलं.

त्याने दोनदा वाचलं. "जायला पाहिजे."

"बस? इतकं सोप्पं?" तिला स्वतःचाच राग आला. इथलं तिचं काम मार्चमध्ये संपणार होतं, घरात दुसरी मिळकत नव्हती. जाणं भागच होतं. तरी तिला वाटत होतं, याने एकदा तरी अडवावं.

"थांब म्हणालो, तर तू थांबशील," मानस हळूच म्हणाला. "म्हणून म्हणत नाहीये."

'तू'... पहिल्यांदाच.

"मग दुसरं काहीतरी म्हणा ना."

नदीवरून वारा आला. मानसने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"लग्न करशील माझ्याशी? म्हणजे... जालन्याची नोकरी करत."

ती सावरून बसली. "आमच्या घरात देव्हारा नाही, मानसजी. बाबासाहेबांचा फोटो आहे. तुमच्या घरी माहीत आहे?"

"परवा सांगितलं. बाबा अजून बोलत नाहीत. आईपण दोन दिवस गप्प होती. आज सकाळी एकदम म्हणाली, ती मुलगी दिवसभर उन्हात असते, तर जेवते कधी?"

धम्मदीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"मला वेळ लागेल," ती म्हणाली. "दोन वर्षं तरी. बाबांचं काही मार्गी लागेपर्यंत घर माझ्यावर आहे."

"एका वाणासाठी दहा वर्षं घालवायला निघालेली बाई, दोन वर्षांचं टेन्शन घेते?"

"वाण भांडत नाही."

"मीपण कमीच भांडतो."

ती खळखळून हसली. खाली पाण्यात दिवे उतरू लागले होते. ती उठली, ओढणी सारखी केली आणि एक पायरी चढून थांबली.

"रविवारी घरी ये," ती म्हणाली. "बाबांना तूच विचार."

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ना," धम्मदीना म्हणाली. "ये."