अनुयाच्या उशाशी गाणारा

वॉर्डाच्या दारात मी त्याच्यावर धडकले आणि माझ्या हातातला अर्धा चहा त्याच्या शर्टावर गेला. त्याने आधी काय पाहिलं असेल, तर बगलेतलं छोट्या गिटारसारखं युकुलेले कोरडं आहे ना! “वाचलं… शर्ट काय, धुता येतो,” म्हणाला आणि हसला. मला मात्र हसायचं त्राण नव्हतं.

कॅम्प तीन नावाच्या वस्तीतल्या त्या हॉस्पिटलात माझी पाच वर्षांची भाची अनुया न्यूमोनियाने धापा टाकत पडली होती. ताई जागरणाने पार थकली, म्हणून मीच तिला बळेबळे कात्रपला घरी पाठवलं. ती गेली आणि डॉक्टर सांगून गेले, संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर पोरीला मुंबईला हलवावं लागेल. ताईला फोन करू की नको… जीव नुसता टांगणीला लागला होता.

तो उन्मेष. अंबरनाथच्या एका कंपनीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी मुलांच्या वॉर्डात गाणं, ही माहिती नर्सने पुरवली. एकेक खाट करत तो आमच्यापाशी आला. गाऊ का, असं त्याने आधी अनुयालाच विचारलं. तिने मास्कमागून मान हलवली.

आणि हा बाबा स्टूल फिरवून चक्क माझ्याकडे तोंड करून बसला! गाण्याला शब्द नव्हते, नुसती गुणगुण. नजर मात्र… थेट माझ्यावर. पोर तिकडे धापा टाकतेय आणि याला हे सुचतंय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पेशंट त्या बाजूला आहे,” मी म्हटलं.

“माहितीये.” तो तारा छेडतच बोलला. “पण ती तुमच्याकडे बघतेय. तुम्ही श्वास धरून बसलात, म्हणून तीही घाबरलीय. मी तुमच्या श्वासाच्या लयीत वाजवतोय. आता हळू करतो… या माझ्यासोबत.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर मीही घाबरेन. सच बोलू? घाबरलोच आहे.”

तेवढ्यात त्याचा एक सूर खरंच चुकला. का कोण जाणे, त्यानेच मला धीर आला. मी श्वास सोडला, पुन्हा घेतला. त्याने लय सैल केली… आणखी सैल. माझी ओढणी धरलेली अनुयाची मूठ हळूहळू सुटली आणि तिला झोप लागली. मग मी बाहेर जाऊन ताईला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं.

गाणं आटोपल्यावरही तो गेला नाही. अनुयाची खाट दिसेल अशा बाहेरच्या बाकावर, माझ्यापासून एक जागा सोडून बसून राहिला. ताई धावत आली. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा तो आणि मी दारात उभेच होतो. औषध लागू पडतंय, म्हणाले. आज हलवायला नको, उद्या बघू.

मी त्याला जिन्यापाशी गाठलं. सगळ्याच मुलांच्या आया-मावश्यांकडे असं बघता का, असं विचारलं.

“गाताना बघतो… ते काम आहे.” तो जिन्याचा कठडा नखाने खरवडू लागला. “बाकावरून बघत होतो, ते काम नव्हतं. तुम्ही मला—”

“आज नको,” मी म्हटलं. “आज मी इतकी घाबरलेय, की काहीही बोलले तरी उद्या मलाच खरं वाटणार नाही. अनुया घरी जाईल त्या दिवशी विचारा.”

त्याने युकुलेले पुन्हा बगलेत घेतलं. “मग तोवर रोज ड्यूटी सुटली की येतो. विचारणार नाही… नुसता बसेन.”

मी काय उत्तर देणार, ते मला तिथेच कळलं. त्याला मात्र मी कळू दिलं नाही.