पासष्ट ग्रॅम

ही घटना माझ्या स्वतःच्या घरातली आहे. ऐकीव नाही, मैत्रिणीच्या मैत्रिणीची नाही. मी पार्सल ऑफिसात काम करते. बारा वर्षं काउंटरवर उभी राहून लोकांची खोकी तोलते आहे. गिऱ्हाईक म्हणतं दोन किलो, काटा म्हणतो अडीच. मी काट्याचं ऐकते. त्यामुळे इथे जे लिहीन त्यात पदरचं काही घालणार नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तान्ह्या बाळाच्या घरात एकदा दुपारी बसून बघावं. पडदा ओढलेला. भांडी घासून झालेली. खाली रस्त्यावरून एखादी गाडी जाते, तेवढाच आवाज.

तो गुरुवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाळ सव्वीस दिवसांचं.

पण आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

लग्नानंतर नऊ वर्षांनी मला दिवस राहिले. सत्तावीस तास कळा दिल्या आणि शेवटी पोट कापावं लागलं. मुलगा झाला. दोन किलो नऊशे. माझा नवरा आमच्याच ऑफिसची डिलिव्हरीची गाडी चालवतो. त्याने बाळाला हातात घेतलं आणि नर्सला म्हणाला, "आलं बाई पार्सल. नऊ वर्षं वाटेत अडकलं होतं." तेव्हापासून सगळे त्याला पार्सलच म्हणायला लागले.

मला दूध आलं नाही.

गोळ्या झाल्या, पंप झाला, गरम पाण्याचे शेक झाले. थेंब, दोन थेंब, बस. बाळाला छातीशी धरलं की ते मान फिरवायचं. पावडरचं दूध बाटलीने दिलं, चमच्याने दिलं, ड्रॉपरने दिलं. सगळं ओकून टाकायचं.

दहाव्या दिवशी नर्सबाई घरी आल्या. त्या दर मंगळवारी यायच्या, बाळाचं वजन करायच्या आणि कार्डावर लिहायच्या. दोन किलो सहाशे चाळीस. "पुढच्या मंगळवारपर्यंत वाढलं नाही, तर भरती करावं लागेल हं," त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी वजन भरलं... दोन किलो नऊशे दहा.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" नर्सबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आईच्या दुधाला तोड नाही. छान आई आहात तुम्ही."

माझी छाती कोरडी होती. त्या अख्ख्या आठवड्यात माझ्या हातून बाळाच्या पोटात अर्धी वाटी दूधही गेलं नव्हतं. मला ते माहीत होतं. पण छान आई असं मला पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं होतं, आणि मला ते हवं होतं.

मी गप्प बसले. जे काही चुकलं ते तिथे चुकलं.

माझी आई तेव्हा मदतीला आलेली होती. बाबांची तब्येत बिघडली म्हणून ती लवकर निघाली. चपला घालता घालता म्हणाली, "ढेकर काढायला बरी शिकलीस हो. काल दुपारी बाहेरून ऐकत होते मी. पाठीवर थोपटणं काय, किती वेळ चाललं होतं!"

काल दुपारी मी अंघोळ करत होते.

आईला मी काही बोलले नाही. तिची गाडी चुकली असती.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "मग काय, तुझं दूध वायफायसारखं जातंय का त्याला? अगं, पितोय म्हणून वाढतोय. उगाच डोक्यात भुंगा नको."

मी म्हटलं, "ऑफिसात जुना काटा पडलाय ना, पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा? तो घेऊन ये."

त्याने आणला. मी एक किलोचं वजन ठेवून तपासला. एक हजार. ना कमी ना जास्त.

आता तो गुरुवार.

नवरा कामावर गेला होता. दुपटं काट्यावर ठेवून मी काटा शून्यावर आणला आणि बाळाला ठेवलं. तीन किलो एकशे पंधरा. मग वीस मिनिटं छातीशी धरलं. ते मान फिरवत राहिलं. पुन्हा ठेवलं. तीन किलो एकशे पंधरा.

मग त्याला आतल्या खोलीत पाळण्यात उताणं झोपवलं. त्या खोलीला एकच दार. खिडकीला जाळी. मी बाहेर आले, दार लावलं आणि दारालाच पाठ टेकून खाली बसले.

पहिली दहा मिनिटं काही नाही.

मग बाळ रडायला लागलं. भुकेचं रडणं. आणि मध्येच...

थांबलं.

शांत होत होत नाही थांबलं. तोंडात काही दिल्यावर थांबतं तसं एकदम.

मी कान दाराला लावला. आतून आवाज येत होता...

घुटुक... घुटुक... घुटुक...

किती वेळ ते सांगता येणार नाही. मग दुसरा आवाज आला.

थप... थप... थप...

सावकाश. घाई नाही. हाताला सवय असलेल्या माणसाचं थोपटणं. आणि शेवटी बाळाने ढेकर दिला.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. घाबरले, पण नंतर. आधी राग आला. माझं बाळ, नऊ वर्षांनी झालेलं, दुसऱ्याच कोणाकडे पोटभर पीत होतं. मला हेवा वाटला. खरं तेच सांगते.

दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं.

बाळ झोपलं होतं... कुशीवर. पाठीमागे दुपट्याची गुंडाळी करून लावलेली, उलटू नये म्हणून. ओठाच्या कोपऱ्यात दूध. मी बोटाने पुसलं.

ते कोमट होतं.

त्याला काट्यावर ठेवलं. तीन किलो एकशे ऐंशी.

पासष्ट ग्रॅम.

तीनदा उचलून तीनदा ठेवलं. एक किलोचं वजन पुन्हा ठेवून बघितलं. काटा बरोबर होता.

शुक्रवारी नवऱ्याने सुट्टी घेतली. "मी बसतो आत," म्हणाला. "बघू कोण येतं ते. आलंच तर भाडं मागतो." बाळाला पाळण्यात ठेवलं, बाजूला खुर्ची टाकून तो बसला. मी बाहेरून दार लावलं.

आठ मिनिटांनी तो बाहेर आला.

दार त्याने आपटलं नाही. आत कोणाची झोप मोडू नये म्हणून लोटतात, तसं हळूच लोटलं. स्वयंपाकघरात गेला. पाणी प्यायला.

"काय दिसलं?"

"पितोय तो."

"कोणाजवळ?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दार लावत जा तू. एवढंच कर. आत थांबू नकोस."

त्या दिवशी त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. तेव्हापासून आजपर्यंत त्याने आतल्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. काय बघितलं तेही सांगितलेलं नाही. दाढी करताना गाणी म्हणायची सवय होती त्याला. तीही गेली.

मी हरले नव्हते तेव्हा.

शनिवारी सकाळी बाळाला घेतलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लॉजवर खोली घेतली. नवरा निमूट बॅगा घेऊन मागून आला. म्हटलं, घर सुटलं की ती सुटेल. 'ती' असंच तोंडात आलं माझ्या. का, ते विचारू नका.

तिथे कोणीच आलं नाही.

बाळाने तीस तास काही घेतलं नाही. छाती नाही, बाटली नाही, चमचा नाही. त्याचं रडणं बारीक होत गेलं. मग नुसतंच तोंड उघडायचं, आवाज नाही. आम्ही त्याला दवाखान्यात पळवलं. नाकातून नळी घातली. नळीने दिलेलं दूध जसंच्या तसं बाहेर. हाताला सलाईन लावायला शीर सापडेना. सगळ्या तपासण्या केल्या, एकीतही काही निघालं नाही.

बुधवारी वजन दोन किलो नऊशेवर आलं.

डॉक्टरीणबाई कार्ड हातात घेऊन म्हणाल्या, "घरी तर छान वाढत होता की. घरी काय पाजत होता तुम्ही?"



त्या नको म्हणत होत्या, तरी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून आम्ही त्याला घरी आणलं.

दुपारची अडीचची वेळ. मी आतल्या खोलीत पाळण्यापाशी उभी राहिले. बाळाचे डोळे अर्धे उघडे. त्याला खाली ठेवलं, पण माझे हात त्याच्याखालून निघेनात. खोलीत कोणी नव्हतं. तरी मी बोलले.

"घे बाई. पाज त्याला."

आणि बाहेर येऊन माझ्या हाताने दार लावलं.

काही क्षण काहीच नाही. मग...

घुटुक... घुटुक... घुटुक...

कपाळ दाराला टेकून मी रडले. आनंदाने रडले. हे लिहितानाही लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्या आवाजापेक्षा गोड काही वाटलं नाही.

यानंतरचे पाच महिने सांगण्यासारखे नाहीत. दिवसातून सहा वेळा बाळाला आत ठेवायचं, दार लावायचं, आवाज थांबला की आणायचं. नर्सबाई माझं बाळ दुसऱ्या आयांना दाखवतात. आईला फोनवर सगळं सांगितलं, तर म्हणाली, "पोट भरतंय ना त्याचं? मग जास्त खोलात शिरू नकोस, बाई." पहिल्यांदाच तिचा आवाज मला म्हातारा वाटला.

शेजारीपाजारी चौकशी केली. ही इमारत नवी आहे. या घरात आमच्याआधी कोणी राहिलेलं नाही. कोणी मेलेलं नाही. आधी काय होतं इथे, तर मोकळी जागा.

माझी एकच आशा होती. सहाव्या महिन्यात बाळ वरचं खायला लागतं. माझ्या हातून खायला लागलं, की त्याला तिची गरज उरणार नाही. पाळणाघरात ठेवता येईल. माझी रजाही तेव्हाच संपत होती. मी दिवस मोजत होते.

मागच्या रविवारी केळं कुस्करलं. नवरा समोर बसला. पहिला चमचा पुढे केला...

बाळाने तोंड उघडलं.

गिळलं! दुसरा चमचा. तोही गिळला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे वा रे पठ्ठ्या!" किती महिन्यांनी त्याचा तो आवाज ऐकला. मी तिसरा चमचा भरला.

आतल्या खोलीत... पाळणा करकरला.

बाळाने ओठ मिटले. मान वळवून बंद दाराकडे बघितलं. आणि दोन्ही हात वर केले.

घे म्हणून मुलं हात वर करतात ना, तसे. मी रोज वाट बघत होते त्याची. माझ्याकडे बघून त्याने ते कधीच केलं नव्हतं.

मग रडायला लागला. चमचा नको, पाणी नको, मी नको. खाल्लेले दोन चमचे ओकले. अर्धा तास मी त्याला कवटाळून फिरले. शेवटी त्याला आत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन दार ओढताना फट राहिली, आणि त्या फटीतून मला दिसलं...

बाळाची मान गादीवरून वर उचलली जात होती. मग पाठ. सावकाश. मानेखाली तळवा घालून उचलतात, तसं.

मी दार पूर्ण लावलं.

सोमवारी मी कामावर रुजू झाले. पाळणाघराचा विषय आम्ही काढलाच नाही. मॅनेजरनी सहज विचारलं, "बाळाला कोण बघतं?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "घरी सोय आहे."

दिवसभर मी खोकी तोलली. एकही आकडा डोक्यात राहिला नाही.

संध्याकाळी सहाला कुलूप उघडून धावत आत गेले. बाळ जागं होतं. लंगोट बदललेला. अंग पुसलेलं. केस नीट भांग पाडून बसवलेले, मी पाडते त्याच्या उलट्या बाजूला. माझ्या मनात आलं, चला, सुखरूप आहे. मी त्याला उचललं.

त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ओठ काढले. आणि रडायला लागला. अनोळखी बाईने घेतल्यावर पोरं रडतात तसं, मागे रेलून, दोन्ही हात पाळण्याकडे करून.

"अरे, मी आहे," मी म्हटलं. "आई."

ते जास्तच रडायला लागलं. श्वास कोंडेपर्यंत.

मग मी त्याला परत खाली ठेवलं, बाहेर आले आणि दार लावून घेतलं. आत लगेच शांत झालं.