दोनशे बारावं पान

हिमानीची नि प्रशिकची गाठ पडली ती हायकोर्टात, कागद दाखल करायच्या खिडकीशी. तीही एका चुकलेल्या आकड्यापायी! बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. प्रशिक बाकावर बसून लाल पेनानं पानांवर आकडे टाकत होता.

"एकोणनव्वदनंतर एक्याण्णव?" ती समोरून म्हणाली. "नव्वद कुठे गेलं?"

त्यानं कपाळावर हात मारला. "मेलो ना आता! पुढं तीनशे पानं आहेत मॅडम."

हिमानीनं पिशवीतून आकडे मारायचं मशीन काढलं आणि खटाखट तासाभरात काम उरकलं.

"तुमचा आकडा कधी चुकतच नाही वाटते…"

"कधीच नाही," ती म्हणाली, आणि उगाच लाजली.

ती एका बड्या फर्ममध्ये ज्युनिअर होती. बडी फर्म म्हणून तिच्या आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. पण काम काय? कंपन्यांचे ईमेल वाचा, तारखांची यादी करा, पानांवर आकडे मारा. कोट काळा, काम गाढवाचं!

आणि प्रशिक नेमका समोरच्या बाजूचा. शहराबाहेरच्या एका खासगी कारखान्याचा राख साठवायचा बांध फुटला, त्यात अंजनाबाईंचा नवरा आणि मुलगी दोघं गाडले गेले. प्रशिक अंजनाबाईंचा वकील, हिमानीची फर्म कारखान्याची. केसबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं. खिडकीशी सगळेच ज्युनिअर बोलत उभे असतात, तसे हेही. चार महिने. तिच्या बोटांना लागलेली शाई तो आपल्या रुमालानं पुसायचा, आणि बोट सोडायला जरा जास्तच वेळ लावायचा.

मग कोर्टानं कारखान्याला हुकूम केला, बांधाच्या पाहणीचे सगळे कागद हजर करा. ते वाचायचं काम अर्थातच हिमानीवर आलं. तिसऱ्या दिवशी तिला ते पत्र सापडलं. कारखान्याच्याच इंजिनिअरनं बांध फुटायच्या अकरा दिवस आधी लिहिलं होतं : बांध झिरपतोय, खालची वस्ती हलवा. हिमानीनं त्यावर २१२ हा आकडा मारला.

तिचे सीनियर रविंद्र सर म्हणाले, "हे पान काढ. पुढचे आकडे नीट करून घे."

"सर, पण कोर्टाचा हुकूम—"

"तुझ्या जागेसाठी बाहेर रांग आहे, हिमानी."

तिनं पान काढलं. हो, काढलं! मोठी शूर नव्हती ती. पण पुढचे आकडे बदलायला हात काही उठला नाही. २११ नंतर २१३ तसंच राहिलं.

कोर्टात प्रशिक त्या कागदांचा संच उलटत होता. एका जागी त्याचं बोट थांबलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी आकड्यात चुकत नाही, हे तिथं त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"मायलॉर्ड, दोनशे बारावं पान दिसत नाही."

रविंद्र सर हसत उठले. "ज्युनिअरची चूक, मायलॉर्ड. आकडा सुटलाय."

हिमानी उभी राहिली. "आकडा सुटला नाही. पान आहे. मीच काढलं."

संध्याकाळपर्यंत पान हजर करायचा हुकूम झाला. हिमानीची नोकरी तर जेवणाच्या सुट्टीतच गेली.

ती बाहेर आली, तेव्हा पायरीवर अंजनाबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. प्रशिक दोन-दोन पायऱ्या उतरत धावत आला. "हिमानी! अवं, तू…"

"तिथंच थांब."

"काहून?"

"आपण सोबत दिसलो, तर उद्या तेच म्हणतील, की आपण ठरवून केलं. मग त्या पानाला कोण विचारतो? अंजनाबाईंनी काय करायचं मग?"

तो थबकला. वकीलच शेवटी. "म्हणजे निकाल लागेपर्यंत…?"

"हो."

"अन् मंग अपील?"

ती हसायला गेली आणि रडलीच. "अपीलसुद्धा."

"तू मले लय आवडतं वं, हिमानी… एवढं तरी बोलू दे."

"मलाही, प्रशिक. आता जा."

तो गेला. अंजनाबाईंना हाताला धरून उठवलं आणि गेला.

पुढची तारीख पाच महिन्यांनी पडली. हिमानी कोर्टात सगळ्यात मागच्या बाकावर येऊन बसली. प्रशिक फायली घेऊन तिच्या शेजारून गेला, एकदाही न बघता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मनातून तिला बरं वाटलं. ठरल्याप्रमाणे तो तिच्यासाठी थांबला होता.