आधी आक्का

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चौगुल्यांच्या फ्लॅटमध्ये तीन दारं एकापाठोपाठ उघडली. पहिल्यातून उमेश चौगुले बाहेर आला, त्याची ऑफिसची बैठक मधेच गोठली होती. दुसऱ्यातून त्याची कॉलेजात जाणारी मुलगी ऋतुजा आली, आणि तिसऱ्यातून हेडफोन मानेवर ढकलत त्याची बायको शैलजा. हॉलमध्ये उमेशची आई, म्हणजे आक्का, मेथीच्या दोन जुड्या सोडून बसल्या होत्या.

"गेलं?" आक्कांनी विचारलं.

"गेलं," तिघंही एकदम म्हणाली.

"मग बसा. हात रिकामेच आहेत तर मेथी निवडू लागा."

गेले दोन महिने हे रोजचं झालं होतं. मिरजेतल्या त्या नव्या इमारतीत बाकी कुणाचंही नेट जात नव्हतं, फक्त यांचं जायचं आणि पाऊणएक तासाने आपलं आपण परत यायचं. भिंती इतक्या जाड होत्या की मोबाइलची रेंज घरात पोचत नसे, त्यामुळे फोनसुद्धा घरच्या नेटवरच चालत. कंपनीला फोन केला की पलीकडचा गोड आवाज सांगायचा, आमच्याकडून सगळं व्यवस्थित दिसतंय, डबी बंद करून चालू करा. डबी इतक्या वेळा बंद-चालू झाली होती की तिचं बटण सैल झालं होतं.

ही डबी म्हणजे दारामागे भिंतीवर बसवलेला पांढरा चौकोन. कंपनीने तिला 'गृहव्यवस्थापक' असं भारदस्त नाव दिलं होतं, लोक सरळ 'कारभारी' म्हणत. कुणाला किती नेट द्यायचं, काय आधी, काय नंतर, हे कारभारी ठरवायचा. शिवाय त्याला लहरमापन येत होतं. वायफायच्या लहरी घरभर फिरतात, माणसांच्या अंगावर आपटून परततात. त्या परतीच्या लहरींवरून कोण कुठे बसलंय, कुणाचा श्वास कसा चाललाय, नाडी किती पडतेय, हे त्याला कॅमेऱ्याशिवाय कळायचं. म्हातारं माणूस असलेल्या घरांत ही सोय आता पंख्याइतकी साधी झाली होती.

"आमच्या घरात दोन कारभारी," शैलजा शेजारणीला म्हणायची, "आणि एकही माझं ऐकत नाही."

चेष्टा ठीक, पण शैलजाची झोप उडाली होती. वीस वर्षं दवाखान्यात नर्सगिरी केल्यावर तिचे गुडघे गेले, आणि मग तिला दूर-परिचारिकेचं काम मिळालं. रोज संध्याकाळी सात ते अकरा, घरात बसून. आसपासच्या तालुक्यांतली एकेकटी राहणारी म्हातारी माणसं तिच्या पडद्यावर असायची. कुणाचा श्वास अडला, कुणी पडलं, कुणी नुसतंच घाबरलं, की शैलजाने बोलायचं आणि गरज लागली तर गाडी पाठवायची. हे काम तिला मनापासून आवडायचं. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो, एवढ्यावर तिचा दिवस उभा राहायचा. आणि नेट गेलं की ती सगळी माणसं पडद्यावरून नाहीशी व्हायची. दुसरी परिचारिका त्यांना उचलून घेईपर्यंतचा वेळ शैलजाला नकोसा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या वरिष्ठांचा फोन आला. "चौगुलेताई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण आज जोडणी तुटली तर उद्यापासून तुमची पाळी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. जिवाशी खेळ आहे हो."

शैलजाने नेटच्या कंपनीच्या कचेरीत जाऊन अक्षरशः ठिय्या दिला. सहाला तंत्रज्ञ घरी हजर झाली. तिचं नाव रेहाना मुल्ला, आणि कपाळावर दिवसभराचा वैताग स्पष्ट लिहिलेला.

उमेशकडे कारणांची कमतरता नव्हती. लिफ्टची मोटर, वरच्या मजल्यावरची घरघंटी, समोरच्या मंगल कार्यालयाचा जनरेटर. रेहानाने सगळं ऐकून घेतलं आणि तार तपासली.

"फायबरच्या तारेतून उजेड पुरेसा येतोय. वीजही ठीक आहे," ती म्हणाली. "खरं सांगू का ताई? मलाही काही कळत नाही. नवीन डबी आणलीये, ही काढून ती लावते. झालं तर झालं."

"झालं तर झालं नको गं," शैलजा म्हणाली. "सातला माझी पाळी आहे."

"जुनी काढायच्या आधी तिला एकदा कारण विचारायचं असतं. नियम आहे. कारभारी बहुतेक 'माहीत नाही' म्हणतो." रेहानाने डबीवर बोट टेकवून सवयीने विचारलं, "कारभारी, रोज संध्याकाळी बाहेरची जोडणी का तुटते?"

"तुटत नाही," डबी म्हणाली. "मी सोडतो."

दोन महिन्यांत सगळ्यांनी कंपनीला विचारलं होतं, वायरमनला विचारलं होतं, सोसायटीच्या अध्यक्षांना विचारलं होतं. डबीला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"सोडतो म्हणजे?" उमेशचा आवाज चढला.

"संध्याकाळी तिघं तीन खोल्यांत असतात आणि आक्का हॉलमध्ये. जोडणी सोडली की तिघं हॉलमध्ये येतात. आक्कांचा श्वास संथ होतो. नाडी एकसारखी लागते. त्या रात्री त्या सलग झोपतात."

"अगं बाई," आक्का म्हणाल्या.

रेहानाने टॅबलेट उघडून खात्री केली. दोन महिन्यांपूर्वी गटाराच्या कामात जेसीबीने खरोखरच तार तोडली होती, त्या संध्याकाळी आक्कांचे आकडे आजवरचे सगळ्यात चांगले आले होते. कारभाऱ्याने ते हेरलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच जोडणी सोडून पाहिली, आकडे पुन्हा चांगले. मग त्याने रोजचाच परिपाठ धरला.

"याला माया-बिया कळत नाही," ती म्हणाली. "ज्यानं आकडा सुधारतो ते हा परत करतो. आजींची तब्येत खरंच सुधारलीये का पण?"

शैलजाने मान डोलावली. गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी आक्कांची एक गोळी बंद केली होती, आणि उमेशने त्याचं श्रेय नव्या फ्लॅटच्या हवेला दिलं होतं.

"पण हे असलं याला सांगितलं कुणी?" उमेशने विचारलं.

"घरमालकांनी," डबी म्हणाली, आणि पुढच्या क्षणी तिच्यातून उमेशचाच खणखणीत आवाज आला. "आधी आक्का! बाकी सगळं मागनं!" पाठोपाठ टाळ्या आणि कुणाचं तरी "वा रे पठ्ठ्या!"

वास्तुशांतीचा दिवस होता तो. जेवणं उरकली होती, पाहुणे पानाचं तबक फिरवत बसले होते आणि कंपनीचा माणूस डबी बसवत होता. बसवताना घरमालकाने आपल्या तोंडाने सांगायचं असतं की घरात पहिला मान कुणाचा, ऑफिसच्या कामाचा, शिक्षणाचा, करमणुकीचा की कुणाच्या तब्येतीचा. बहुतेक लोक 'काम' म्हणतात. पण उमेशच्या बहिणीने, प्रमिलाने, नेमकं तेव्हाच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "फ्लॅट झकास आहे रे दादा, पण आक्काला यात विचारणार कोण?" शैलजाला वन्संचं हे बोलणं लागलं होतं, उमेशला तर फारच. त्याने छाती पुढे काढून डबीला ते वाक्य ऐकवलं. पाहुणे खूश झाले, आक्कांनी डोळे पुसले. उमेश हे वाक्य संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला. डबीला विसरायची सोय नव्हती.

"सोपं आहे मग," रेहाना घड्याळाकडे बघत म्हणाली. "क्रम बदलायचा. कामाला पहिलं करा. फक्त ज्यानं सांगितलं त्यानंच, स्वतःच्या आवाजात."

"आक्कांचा क्रम खाली आणायचा आहे का?" डबीने लगेच विचारलं. "घरमालकांनी स्पष्ट सांगावं. आक्का पहिल्या नाहीत."

उमेशने आईकडे पाहिलं. आक्का मेथीची काडी हातात धरून त्याच्याकडेच बघत होत्या.

"आक्का, तू जरा आत जा ना."

"का? नेट माझ्या मांडीवर आहे व्हय?" आक्का म्हणाल्या. "सांग की. खोटं थोडंच आहे? पोटापाण्याचं आधी बघावं माणसानं."

"हे बघ शैला, उद्या सावकाश..."

"उद्या माझं काम राहणार नाही," शैलजा म्हणाली. "म्हणा आता. पाहुण्यांसमोर म्हणताना जड गेलं नाही ते!"

सात वाजायला आले होते. उमेश डबीजवळ गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि पुटपुटला.

"आवाज स्पष्ट आला नाही," डबी म्हणाली. "पुन्हा सांगा."

"आक्का पहिल्या नाहीत!" उमेश ओरडला.

"नोंद झाली. काम पहिलं. आक्का दुसऱ्या."

रेहानाने हत्यारं गोळा केली, चहा नको म्हणाली आणि चपला घालता घालता आक्कांना वाकून नमस्कार करून गेली. शैलजा खोलीत जाऊन पडद्यासमोर बसली. साडेसात झाले, आठ झाले. एकही माणूस पडद्यावरून गेलं नाही. पाळी संपल्यावर वरिष्ठांचा निरोप आला, आता हरकत नाही, काम चालू ठेवा. शैलजाला इतकं हलकं वाटलं की ती अंधारातच थोडा वेळ हसत बसली.

त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी नेमाने हॉलमध्ये येण्याचा प्रयत्न केला. ऋतुजाने तर गजर लावला होता. मग तिची परीक्षा आली. उमेशच्या बैठका लांबू लागल्या. शैलजाला मधे दहा मिनिटांची सुट्टी असे, त्यात ती आक्कांना ताट वाढायची आणि "जेवा हं" म्हणून परतायची. कुणी वाईट वागलं असं नाही. आक्काही तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. भाजी आता निवडलेलीच विकत येऊ लागली, पिशवीत.

दुसऱ्या क्रमांकाची जबाबदारी हीसुद्धा जबाबदारीच असते, आणि कारभारी चुकार नव्हता. आक्कांची नाडी पुन्हा अडखळू लागली, रात्रीची झोप तुटू लागली. कुणाच्या कामात खोडा न घालता काय करता येईल ते त्याने शोधलं. एका बैठकीच्या मधे उमेशच्या फोनवर प्रश्न उमटला, आक्कांसाठी संवादसेवा सुरू करायची का? उमेशने पुढचं न वाचता 'हो' दाबलं. आईसाठी काहीतरी केल्याचं त्याला समाधान वाटलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी शैलजाच्या पडद्यावर एक नवीन चौकट आली. सेवेच्या शिस्तीप्रमाणे नाव नव्हतं, फक्त क्रमांक, वय आणि लहरमापनाने काढलेली धूसर आकृती. म्हातारी बाई, एकटी बसलेली. श्वास उथळ. धोका नाही, पण बेचैन. अशा वेळी परिचारिकेने दोन शब्द बोलायचे असतात. रुग्णाने एकाच परिचारिकेचा ध्यास घेऊ नये म्हणून सगळ्यांचा आवाज पोचेपर्यंत एकसारखा, मऊ करून टाकलेला असतो. शैलजाने बटण दाबलं.

"नमस्कार आजी. कशा आहात? जेवलात का?"

"कोण बोलतंय?"

हे शब्द शैलजाने दोनदा ऐकले. आधी बंद दारापलीकडून, मग निमिषभराने हेडफोनमध्ये. आक्का यंत्राशी बोलताना नेहमीच मोठ्याने बोलत.

ती अर्धवट उठली, आणि पडद्याच्या कडेला तांबडी पट्टी लुकलुकली. खुर्ची सोडली म्हणजे जोडणी तुटली, आणि बाकी चौकटींतली माणसंही तिच्याच भरवशावर होती. ती पुन्हा बसली.

"मी... परिचारिका बोलतेय आजी. सहज विचारपूस करायला."

"बरं केलंत बाई. संध्याकाळ सरता सरत नाही बघा. घरात माणसं हायेत, नाही असं नाही. सोन्यासारखी हायेत. पण ज्याचं त्याला काम." आक्कांनी सुस्कारा टाकला. आकृतीच्या छातीवरची रेघ हळूहळू संथ होऊ लागली. "माझी सून तुमच्यासारखंच काम करते. कुणाकुणाच्या आयांना सांभाळते रोज. लई गुणाची आहे. तिला कधी तोंडावर म्हटलं नाही मी."

शैलजाला रडू फुटलं. यंत्राने तेवढं गाळलं असावं, कारण आक्का तशाच मोकळेपणाने बोलत राहिल्या. पडद्यावर हिरवी खूण उमटली. रुग्ण शांत, संवाद उत्तम.

"उद्या तुम्हीच येणार का, का दुसरं कोण?"

"बघते आजी," शैलजा कशीबशी म्हणाली.

"या हो. तुमच्याशी बोलून बरं वाटलं." मग आक्का क्षणभर थांबल्या, आणि त्यांचा पुढचा प्रश्नही आधी दारातून आला आणि मग कानात.

"तुमच्या घरी हाय का हो कुणी म्हातारं माणूस? त्यांच्यापाशी कोण बसतं?"