गुलाबी रंग जाईपर्यंत

खरं प्रेम माणसाला कायद्याच्या पलीकडे घेऊन जातं. जयवंत सावे यांना ते कायद्याच्या अलीकडेच भेटलं, बोईसरच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या फळीला टेकून. ते नवसागर मागत होतं.

"अर्धा किलो," ती म्हणाली.

साल अठ्ठ्याण्णव. सावे दारूबंदी खात्यात सब-इन्स्पेक्टर, त्या दिवशी साध्या कपड्यांत. नवसागर फक्त कल्हईवाला घेतो नाहीतर हातभट्टीवाला, अशी खात्याची श्रद्धा. समोरच्या बाईजवळ कल्हईचा भाता नव्हता. आकाशी साडी होती, केसांत अबोली होती आणि मान किंचित अशी वळलेली होती की... सावे यांनी कर्तव्य म्हणून पुन्हा एकदा पाहिलं.

"भट्टी कुठे लावलीय?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. तपकिरी, सरकारी, चकचकीत. "घरी. उमरोळीला. येता बघायला, साहेब?"

सावे गेले. तपास होता तो.

घरात एक काचेची टाकी होती. तळाशी खडे, वर पाणी, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा पंप. दारात तिची आई, माई, भाजी निवडत बसली होती.

"यात मासे कुठे आहेत?"

"नाहीत."

"मग नवसागर कोणाला?"

"जे दिसत नाहीत त्यांना," ती म्हणाली, आणि सावे एक पाऊल मागे सरकले.

चंद्रकांता शाळेत विज्ञान शिकवायची. मागच्या खेपेला तिने नव्या पाण्यात लगेच मासे सोडले होते. आपल्याच घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाने ते सगळे मेले. "पाणी स्वच्छ दिसत होतं हो... मी घाई केली," ती म्हणाली, आणि तेवढ्यापुरतं तिचं हसू गेलं. आता मासे आणण्याआधी पाण्यात थोडा अमोनिया घालायचा; नवसागरातून तोच मिळतो. तो खाणारे जंतू खड्यांवर आपोआप वाढतात. मग पाणी जगण्याजोगं होतं.

"आपोआप? येतात कुठून?"

"असतातच. खायला मिळायची वाट बघत."

सावे यांनी आयुष्यभर खाडीकाठी पुरलेली पिंपं उकरून काढली होती. ज्याला उकरता येत नाही, पकडता येत नाही, असं काही शेरभर खड्यांवर बसलेलं असेल, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी नकळत, देवळात शिरताना काढावेत तसे, बूट काढले.

नवसागर मात्र नापास झाला. ग्लासात विरघळवल्यावर तळाशी काळा गाळ बसला. "भांड्याला ठीक. जिवाला नको."

पुढच्या शनिवारी सावे तपास पुढे चालू ठेवायला आले. हातात काच पुसायच्या अमोनियाची बाटली होती.

"हलवा," ती म्हणाली.

त्यांनी हलवली. तिनेही बाटलीला हात लावला, बहुधा विज्ञानासाठी. फेस आला... आणि तसाच राहिला.

"फेस विरला पाहिजे. टिकला म्हणजे साबण आहे."

"मग फरशीला ठेव," माई म्हणाली. "आनि पावण्यांना च्या दे. दोगांनी मिळून बाटली कवापासून धरलीय."

तिसऱ्या शनिवारी ते पालघरच्या एका केमिकलवाल्याकडून प्रयोगशाळेतलं अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागरच, घेऊन आले. पांढरंशुभ्र, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. लोक गजरे आणतात. चंद्रकांताने पुडी उघडली, चिमूटभर ग्लासात टाकली. पाणी आरपार राहिलं. ती त्यांच्याकडे इतकं टक लावून पाहत राहिली की माईने भाजीची परात आत नेली.

मग आठवडे गेले. अमोनिया संपू लागला. पण टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की ते सुंदर गुलाबी व्हायचं.

अशाच एका गुलाबी संध्याकाळी सावे म्हणाले, "माझी बदली झालीय. गोंदियाला. सोमवारी निघायचंय. तेव्हा... म्हणजे मी विचारणार होतो, की तुम्ही... माझ्याशी..."

तिने नळी उजेडात धरली. "गुलाबी आहे."

"छान आहे."

"गुलाबी म्हणजे विष. अमोनिया खाणाऱ्यांनीच केलेलं. ते विष खाणारे दुसरे जंतू यायचेत अजून." ती थांबली. "मी एकदा घाई केलीय, साहेब. रंग गेला की विचारा."

"आणि सोमवारपर्यंत नाही गेला तर?"

तिने नळी रिकामी करून विसळायला घेतली. पंप तेवढा बोलत राहिला.

रविवारी सावे दुपारीच आले. बूट उंबऱ्यापाशी आपोआप निघाले. चंद्रकांताने नळी भरली, थेंब टाकले. दोघंही श्वास रोखून बघत राहिली. माईसुद्धा उठून आली.

पाणी पाण्यासारखंच राहिलं. थोडं थांबूनही. ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं, ते येऊन काम करून बसले होते. सावे यांना हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.

"गेला," ती कुजबुजली.

"मग विचारू?"

"गोंदियाला पाणी कसं आहे हो?" चंद्रकांता म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले.

"हो म्हनतेय ती," माईने सावे यांना समजावून सांगितलं.

संध्याकाळी सावे यांनी मलेरिया खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून पिशवीभर मासे आणून टाकीत सोडले. सगळे जगले. ते गप्पी मासे होते. गप्पी गटारातही जगतात.