तोर्लाइफचं हवामान

ट्रोम्सोच्या खाडीकाठी गुनवोरच्या स्वयंपाकघरात शेजारचा आयविन सकाळपासून बसला होता, आणि लॅपटॉपवरची फायली उतरल्याची पट्टी गोगलगाईला लाजवेल अशी सरकत होती. गुनवोरचा नवरा तोर्लाइफ गेल्या हिवाळ्यात वारला. रोज सकाळी खिडकीशी उभं राहून फोनमध्ये हवामान बोलून ठेवायची त्याची खोड. तेवढाच आवाज आता तिच्यापाशी उरला होता, आणि त्याच्या त्या फोनची बॅटरी फुगून कधी दगा देईल सांगता येत नव्हतं. त्याआधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्यायला हवं होतं.

"मावशी, ही केबल नुसती चार्जिंगची," आयविन म्हणाला. "हिच्या भरवशावर राहिलो तर इथंच म्हातारा होईन मी."

त्यानं आपली जाड केबल जोडली. हजारो चिमुकल्या फायली एकेक करून नेण्यातच वेळ जातो, म्हणून फोनमध्येच त्यांचं एक गाठोडं बांधलं. गुनवोरनं तपकिरी चीज घातलेलं वाफल पुढं केलं. ते संपायच्या आत गाठोडं डिस्कवर उतरलं.

गाठोडं सोडून फायली उघडल्यावर आयविन चपापला. तोर्लाइफला पुरल्यानंतरच्या तारखांचीही हवामानं त्यात होती. फोनचं घड्याळ बिघडलं असेल, असं मनाशी म्हणत त्यानं कालचं लावलं.

"नैर्ऋत्येचा वारा. ओला बर्फ. गुनवोर जिरेनियमला पाणी घालायला विसरली."

आवाज तोच, संथ. काल ओला बर्फच पडला होता. खिडकीतली कुंडी कोरडी होती.

फोन कुणाच्या हातात होता का, असं त्यानं विचारलं. वर्षभर खणात बंद पडून होता, ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती घाबरलेली दिसत नव्हती. घाबरला होता तो आयविन.

त्यानं आजचं लावलं.

"धुकं. आयविन येईल. केबल बदलावी लागेल."

त्याखाली आणखी एक होतं. तारीख उद्याची.

आयविननं हात मागं घेतला. गुनवोरनं स्वतःच बोट टेकवलं.

"आभाळ निरभ्र," तोर्लाइफ म्हणाला. "वाऱ्याचं तूच सांग."

"पानही हलत नाहीये," गुनवोरचा आवाज हसत उत्तरला.

स्वयंपाकघरातली गुनवोर गप्प होती.

"मावशी, हे पुसून टाकू?"

"राहू दे." तिनं टेबलावरचा चुरा हातानं गोळा केला. "निरभ्र म्हणाला ना? मग उद्या जाड कोट नको."